क्योसेगची सहल: अर्धा दिवस पुरेल का?

प्रेषक: सहल समिती, व्हिएन्ना

नमस्कार मंडळी,
सप्टेंबरच्या सहलीसाठी हंगेरीतलं क्योसेग सुचवलं गेलंय. सीमेला लागूनच आहे, गाडीनं साधारण दीड तास. सकाळी किल्ला, तिथेच जेवण आणि दुपारी परत येताना नॉयझीडल तळं, असा बेत आहे. अर्धा दिवस पुरेल ना? कोणी जाऊन आलं असेल तर कळवावं.

—

उत्तर: सोंबोतहेयहून

काका, नमस्कार.
आम्ही शेजारच्याच शहरात राहतो, त्यामुळे क्योसेगला जाणं-येणं असतं. कळकळीनं सांगते, अर्ध्या दिवसात उरकू नका. किल्ला तासाभरात बघून होतो, पण गाव किल्ल्यापुरतं नाही.

आधी किल्ल्याचंच सांगते. ऑगस्ट १५३२ मध्ये ऑटोमन तुर्कांचा सुलतान सुलेमान प्रचंड फौज घेऊन व्हिएन्नाच्या रोखानं निघाला होता आणि वाटेत हे एवढंसं ठाणं आडवं आलं. किल्लेदार निकोला युरिशिच, मूळचा क्रोएशियातल्या सेन्यचा. हंगेरीत त्याला मिक्लोश म्हणतात. कसलेले शिपाई मोजकेच, बाकी गावकरी आणि आसपासच्या खेड्यांतून आश्रयाला आलेली माणसं. लढणारे सगळे मिळून हजाराच्या आत. सुरुंग लागले, हल्ल्यामागून हल्ले झाले, तरी तीन आठवड्यांवर ठाणं पडलं नाही. शेवटी वजीर इब्राहिम पाशाशी बोलणी झाली आणि नावापुरती शरणागती पत्करून युरिशिचनं वेढा उठवून घेतला. त्या वर्षी सुलतान व्हिएन्नापर्यंत पोचलाच नाही. लढण्याइतकंच, नेमक्या वेळी बोलणी करून माणसं वाचवणंही मला मोठं वाटतं. तुर्क अकरा वाजता निघून गेले असं सांगतात, म्हणून इथे रोज सकाळी अकराला घंटा वाजतात. त्या वेळी युरिशिच चौकात उभे राहा. तिथे दोन चर्च अगदी खेटून उभी आहेत, सेंट जेम्स आणि सेंट इम्रे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन आणि हंगेरियन प्रोटेस्टंटांची प्रार्थना वेगवेगळी व्हायची. जुनं चर्च जर्मनांकडे, म्हणून हंगेरियनांनी शेजारी आपलं बांधलं. पुढे दोन्ही कॅथलिकांकडे गेली.

पण गावाला खरा फटका बसला तो गेल्या शतकात. १९२१ मध्ये पश्चिमेकडचा पट्टा ऑस्ट्रियाला गेला, तेच आजचं बुर्गनलांड. क्योसेग हंगेरीत राहिलं, पण इथल्या बाजाराला येणारी कितीतरी खेडी सीमेपलीकडे गेली. हंगेरीतल्याच सोप्रोन शहराला जाणारी रेल्वे त्याच पट्ट्यातून जायची. सीमेवरचा तो तुकडा पुढे बंद पडला. आज सोंबोतहेयहून येणारी गाडी क्योसेगला संपते. पलीकडे ऑस्ट्रियात त्याच जुन्या मार्गाच्या काही भागावर पर्यटक पायडल मारत ड्रेझिन, म्हणजे रुळांवरची छोटी गाडी, चालवतात.

१८५९ चं सिनेगॉग चुकवू नका. फिलिप शाय या इथल्याच व्यापाऱ्यानं पैसा दिला होता. १९४४ च्या उन्हाळ्यात गावातल्या ज्यूंना आउशवित्झला पाठवलं गेलं आणि प्रार्थनेला माणूसच उरला नाही. इमारत कित्येक दशकं पडीक होती, अलीकडे तिची नीट दुरुस्ती झाली. १९४४-४५ च्या हिवाळ्यात इथे वेठबिगारीला आणलेल्या ज्यूंची छावणी होती, तिथेही खूप माणसं मेली. १९४६ मध्ये जर्मन कुटुंबांना हाकललं. म्हणजे दोन वर्षांत गावाचे दोन समाज गेले. घरं तीच राहिली, दारामागची माणसं बदलली. रंगवलेले दर्शनी भाग पाहताना हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मग लोखंडी पडदा, म्हणजे शीतयुद्धातली पूर्व-पश्चिम युरोपातली बंद सीमा: तारा, सुरुंग, आणि सीमापट्ट्यात यायलाही परवाना. गावामागच्या डोंगराचं शिखर ईरोत्क्यो, उंची ८८० मीटरच्या वर. त्यावरच्या दगडी मनोऱ्यातून सीमा जाते. १९८९ नंतर तो सगळ्यांना मोकळा झाला. हंगेरीभर फिरणाऱ्या निळ्या पायवाटेचं पश्चिम टोकही हेच.

—

उत्तर: ग्राझहून

ताई, फार छान लिहिलंत. आता तिथली माणसं काय करतात? आणि सीमेवर तपासणी असते का? आमच्याबरोबर आई-बाबा आहेत.

—

उत्तर: सोंबोतहेयहून

बारा हजारांच्या आसपास वस्ती. पुष्कळ जण रोज पलीकडे कामाला जातात: हॉटेलं, बांधकाम, वृद्धांची शुश्रूषा. २०११ पासून ऑस्ट्रियात कामाला परवाना लागत नाही, आणि पगारातला फरक मोठा. उलट दिशेनं ऑस्ट्रियन दाताच्या डॉक्टरकडे आणि खरेदीला इकडे येतात. २००७ मध्ये चौक्या उठल्या, पण २०१५ पासून ऑस्ट्रियाच्या बाजूनं पुन्हा तपासणी सुरू झाली. पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही ठेवा, आई-बाबांचा व्हिसाही. ते डोंगर चढणार नसतील तर त्यांना चौकातच बसवा.

द्राक्षांची वही मात्र सगळ्यांनी बघा. १७४० पासून दरवर्षी २४ एप्रिलला, सेंट जॉर्जच्या दिवशी, मळ्यातली कोवळी फूट नगरपालिकेत आणतात आणि वहीत तिचं चित्र काढतात. वसंत लवकर आला तर पानं फुटलेली लांब फूट, थंडी लांबली तर जेमतेम फुगलेला डोळा. युद्धाच्या वर्षांतलं पान मिळालं तर तिथे जरा थांबा. वाइन प्यायची असेल तर लाल केकफ्रांकोश मागा.

—

उत्तर: सहल समिती, व्हिएन्ना

ताई, मनःपूर्वक आभार. बेत बदलला: नॉयझीडल रद्द, पूर्ण दिवस क्योसेग. बस सकाळी आठला सुटेल, म्हणजे अकराच्या आत चौकात पोचू. दुपारी दोन गट: एक ईरोत्क्योला, दुसरा सिनेगॉग आणि द्राक्षांची वही बघायला. नावं देताना कोणत्या गटात येणार आणि जेवण शाकाहारी हवं का, दोन्ही लिहा. ताई, तुम्ही दुसऱ्या गटाबरोबर याल का?