मदत हवी आहे: हीलरचा कॉम्बॅट लॉग कसा वाचायचा? पार्सच्या रंगापलीकडे काय बघायचं?

इंदूरची_ड्रुइड

नमस्कार मंडळी,

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात मी रिस्टोरेशन ड्रुइड (साथीदारांच्या जखमा भरून काढणारं, म्हणजे हीलरचं पात्र) खेळते. रेडमध्ये, म्हणजे मोठ्या गटाने मिळून बॉस मारताना, माझं काम हीलिंगचं. या खेळाचा सर्व्हर भारतात नाही, म्हणून युरोपच्या सर्व्हरवर असते. तिकडे रेड रात्री आठला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे थंडीत साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा. सराफ्यात खाणाऱ्यांची गर्दी असते त्या वेळेला मी हेडफोन लावून बसलेली असते. घरातले झोपलेले, त्यामुळे माइकवर फार बोलता येत नाही. लढाई संपल्यावर बाकीचे चर्चा करतात तेव्हा मी ऐकते, आणि माझी बाजू मांडायला माझ्याकडे लॉगच असतो, म्हणजे लढाईतल्या प्रत्येक घटनेची नोंद.

तर अडचण अशी. गिल्डच्या (आमच्या खेळाडूंच्या संघाच्या) ऑफिसरने वॉरक्राफ्ट लॉग्ज या लॉग तपासणाऱ्या साइटचा रिपोर्ट पाठवून सांगितलं की तुझे पार्स (इतरांच्या तुलनेत शंभरपैकी मिळणारा क्रमांक) हिरवे आहेत, ओव्हरहीलिंग (गरज नसताना वाया गेलेलं हीलिंग) ४० टक्क्यांच्या वर जातंय, आणि पुढच्या टियरला (रेडच्या नव्या टप्प्याला) आम्ही एक हीलर कमी करणार आहोत. बोलणं सभ्य होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण या गिल्डमधली जागा मला मनापासून हवी आहे. नुसतं "जास्त मेहनत कर" यावर काय करायचं ते कळत नाही, नेमकं कुठे कमी पडतंय हे लॉगमधूनच शोधायचं आहे.

रंगांची पट्टी मला माहीत आहे: २४ पर्यंत राखाडी, २५ पासून हिरवा, ५० पासून निळा, ७५ पासून जांभळा, ९५ पासून नारिंगी, ९९ गुलाबी आणि १०० सोनेरी. पण हीलरच्या बाबतीत हा आकडा कितपत खरा मानायचा? ओव्हरहीलिंग किती चालतं? माझ्या स्क्रीनवरच्या मीटरमधला आकडा आणि साइटवरचा आकडा कधीच जुळत नाही, ते का? आणि रिपोर्टमध्ये रिप्ले उघडला तर नकाशावर कोणीच दिसत नाही, तो बिघाड आहे की काही सेटिंग असतं?

मराठीत यावर कुठे काही लिहिलेलं सापडलं नाही. इथे हीलर किंवा रेड लीडर असतील तर कृपया सविस्तर सांगा.

बडोदेकर_टँक

ताई, मी टँक (बॉसचे फटके अंगावर घेणारा) आहे, पण आमच्या गिल्डचे लॉग मीच बघतो, म्हणून लिहितो.

पार्स म्हणजे काय ते आधी पक्कं करू. तोच बॉस, तीच डिफिकल्टी, तोच स्पेक (पात्राचा उपप्रकार), अशा सगळ्यांच्या किल्समध्ये, म्हणजे जिंकलेल्या लढायांमध्ये, तुमचा नंबर कुठे लागतो तेवढंच तो सांगतो. हरलेल्या लढाया त्यात येतच नाहीत. डीपीएसवाल्याला (बॉसला मारण्याचं काम असलेल्याला) हा आकडा बऱ्यापैकी लागू पडतो, कारण बॉसला मारायचं तेवढं मारता येतं. हीलरचं तसं नाही. जेवढी इजा झाली तेवढीच भरून काढता येते. रेडमध्ये हीलर जास्त असले, किंवा लोक आगीतून वेळेवर बाहेर पडणारे असले, तर प्रत्येक हीलरच्या वाट्याला कमी येतं. चांगल्या गिल्डमधल्या चांगल्या हीलरचे पार्स हिरवे असणं मी खूपदा पाहिलं आहे. तेव्हा तुलना करायचीच तर सोनेरीवाल्यांशी करू नका. तुमच्याइतकेच हीलर असलेला आणि साधारण तेवढ्याच वेळात बॉस पाडलेला रिपोर्ट शोधा, आणि त्यातला ड्रुइड बघा.

ओव्हरहीलिंगचा एकूण टक्का बघूच नका. ड्रुइडचं हीलिंग इजा होण्याआधी लावून ठेवायचं असतं, त्यातलं काही वाया जाणारच. हीलिंगच्या टॅबवर एकेका स्पेलपुढे ओव्हरहीलचा आकडा असतो. एफ्लोरेसन्सचं वर्तुळ जमिनीवर पडून राहतं, त्यातलं निम्मं वाया गेलं तरी मी काही म्हणणार नाही. पण ट्रँक्विलिटी या सगळ्या रेडला भरून काढणाऱ्या मोठ्या स्पेलचं बरंचसं वाया गेलं असेल, तर तुम्ही ती लावली तोवर दुसऱ्या कोणीतरी रेड भरून काढलेली होती. म्हणजे प्रश्न वेळेचा. तो एकटीने सुटत नाही, कूलडाउन (एकदा वापरले की बराच वेळ थांबावं लागणारे मोठे स्पेल) कोणी कधी वापरायचे हे रेड लीडरने ठरवून द्यायला हवं.

मीटरचं म्हणाल तर दोन्हीकडे एकूण हीलिंगला लढाईच्या वेळाने भागतात. लढाई कधी सुरू झाली हे मीटर आपल्या पद्धतीने ठरवतं, आणि साइट लॉगमधल्या एन्काउंटर स्टार्ट आणि एन्काउंटर एंड या दोन ओळींमधला वेळ धरते. भागाकार वेगळा, उत्तर वेगळं. चर्चेत साइटचाच आकडा वापरा.

रात्रपाळी

रिप्लेचं उत्तर सोपं आहे. खेळाच्या सेटिंगमध्ये सिस्टीमखाली नेटवर्कच्या पानावर अॅडव्हान्स्ड कॉम्बॅट लॉगिंग असा एक चौकोन असतो. ज्याने लॉग केला त्याच्याकडे तो टिक केलेला नसेल तर खेळाडू कुठे उभा होता, त्याचं हेल्थ किती होतं, माना (स्पेलसाठी खर्च होणारी शक्ती) किती उरला होता, यातलं काहीच फाइलमध्ये उतरत नाही. जागाच नोंदलेली नाही तर नकाशावर काय दाखवणार?

माझं मत विचाराल तर लॉग तुम्ही स्वतः करा. रेडमधल्या एकाने केला तरी सगळ्यांच्या नोंदी त्यात येतात, पण स्वतःची फाइल हाताशी असली की कच्च्या ओळी वाचता येतात, आणि त्यातून जे शिकायला मिळतं ते साइटच्या रंगीत पट्ट्यांत नाही. चॅटमध्ये स्लॅश कॉम्बॅटलॉग टाइप केलं की लिहिणं सुरू होतं. पुन्हा लॉगिन केल्यावर परत टाइप करावं लागतं. फाइल खेळाच्या फोल्डरमध्ये रिटेलच्या आत लॉग्जमध्ये पडते आणि भराभर फुगते, तेव्हा जुन्या फाइली काढत चला.

साध्या नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तारीख आणि सेकंदाच्या अपूर्णांकापर्यंत वेळ, मग घटनेचं नाव, मग कोणी केलं, कोणावर केलं, कोणता स्पेल. स्पेल हीलच्या ओळीच्या टोकाला हीलिंगची रक्कम आणि त्यातलं वाया किती गेलं ते येतं. लक्षात घ्या, पहिल्या आकड्यात वाया गेलेलं धरलेलं असतं. खरं हीलिंग हवं तर वजाबाकी करावी लागते.

आता मुख्य काम. स्वतःच्या नावाच्या स्पेल कास्ट सक्सेसच्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढा आणि लागोपाठच्या दोन ओळींतलं अंतर बघा. ग्लोबल कूलडाउन, म्हणजे एका स्पेलनंतर पुढचा टाकण्याआधीची सक्तीची थांबणूक, मुळात दीड सेकंदाचा; हेस्टने (पात्राच्या वेगाच्या गुणाने) कमी होतो. तुमचा जो असेल त्यापेक्षा प्रत्येक अंतर थोडं थोडं जास्त येतंय, की बहुतेक अंतरं बरोबर आहेत आणि मधेच दोन-तीन सेकंदांची भगदाडं आहेत? हे दोन निरनिराळे आजार आहेत. भगदाड म्हणजे पळापळ किंवा काय करावं ते न सुचणं. सगळीकडे सारखं थोडं जास्त म्हणजे पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) किंवा सेटिंग.

इंदूरहून युरोपला पिंग किती येतो? आणि चॅटमध्ये स्लॅश कन्सोल स्पेलक्यूविंडो टाकून बघा, काय आकडा येतो तो इथे लिहा.

इंदूरची_ड्रुइड

दोघांचेही मनापासून आभार. काल चौकोन टिक करून लॉग केला आणि आज दुपारभर ओळी चाळून राहिले आहे.

पिंग १५० ते १७० च्या मध्ये असतो. स्पेलक्यूविंडो १०० दाखवतंय. गिल्डने सगळ्यांना इंटरफेसची एक तयार सेटिंग दिली होती, त्यातूनच तो आला असणार. अंतरं बघितली तर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी थोडं जास्त आहे. मोठी भगदाडं मोजकीच, आणि तीही बॉसची फेज (लढाईचा टप्पा) बदलताना, जिथे सगळेच धावतात.

रात्रपाळी

मग सापडलं. ग्लोबल कूलडाउन संपायच्या किती मिलिसेकंद आधी दाबलेली की पुढच्या स्पेलसाठी धरून ठेवायची, ते हा आकडा ठरवतो. खेळाचा मूळ आकडा ४०० आहे. तुमच्या गिल्डमधले लोक सर्व्हरच्या शेजारीच राहतात, त्यांना १०० पुरतो आणि चपळही वाटतो. तुमची की सर्व्हरपर्यंत जाऊन यायलाच १६० लागतात. मग स्पेल रांगेत लागण्याआधी कूलडाउन संपलेला असतो आणि दर वेळी थोडा वेळ रिकामा जातो.

हिशोब करून बघा. सहा मिनिटांची लढाई म्हणजे ३६० सेकंद. हेस्ट सोडून दिला तर दीड सेकंदाने २४० स्पेल बसतात. दर वेळी ०.१५ सेकंद वाया गेलं तर २१८. बावीस रिजुव्हनेशन (ड्रुइडचा नेहमीचा हीलिंग स्पेल) कमी पडली, आणि त्यात तुमच्या कौशल्याचा काहीही संबंध नाही.

आकडा परत ४०० करा. नंतर हवं तर हळूहळू खाली आणा, पण पिंग अधिक १०० च्या खाली जाऊ नका.

नवखा_पॅलाडिन

मध्येच विचारतो. मी फायनल फँटसी १४ खेळतो. तिथे हे सगळं करता येईल का?

बडोदेकर_टँक

तिथे जपून. वॉरक्राफ्टमध्ये लॉगची फाइल खेळ स्वतः लिहितो, त्यामुळे ती वाचण्यात गैर काही नाही. फायनल फँटसीमध्ये बाहेरची टूल्स वापरणं नियमांत बसत नाही. लोक वापरतात, पण गेममधल्या चॅटमध्ये दुसऱ्याच्या आकड्यांवर बोललात तर खात्यावर कारवाई होऊ शकते. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये मात्र स्लॅश एन्काउंटरलॉग ही कमांड खेळाचीच आहे.

हिरवी_पालवी

ताई, मीही ड्रुइडच. एक गोष्ट राहिली. हीलरने सगळ्यात आधी डेथ्सचा टॅब उघडावा. कोण मेलं, मरण्याआधीच्या सेकंदांत त्याच्यावर काय आदळलं, आणि त्याच वेळी तुमचा हात कोणत्या स्पेलवर होता. एकाच फटक्यात गेलेल्याला कोणीच वाचवू शकत नाही, ते सोडून द्या. पण चार-पाच सेकंद हळूहळू खाली जात मेला असेल, तर तेव्हा तुमच्याकडे स्विफ्टमेंड (झटपट हील) किंवा आयर्नबार्क (साथीदाराला होणारी इजा कमी करणारा स्पेल) शिल्लक होतं का ते बघा. माझ्या मते हीलरचा खरा पार्स तिथे असतो. वॉवअॅनालायझर नावाची साइट आहे, तिथे रिपोर्टचा पत्ता टाकला तर रिकामा गेलेला वेळ आणि कूलडाउनचा वापर काढून देते. फक्त तुमच्या स्पेकचं पान सध्याच्या पॅचसाठी अद्ययावत आहे ना, तेवढं आधी तपासा.

आणि ऑफिसरशी बोलताना रंगावर वाद घालू नका. मृत्यूंची यादी आणि कास्टची संख्या समोर ठेवा.

इंदूरची_ड्रुइड

४०० केल्यानंतर दोन रात्री रेड झाली. अंतरं आखडली, हे ओळींमध्ये स्वच्छ दिसतंय. त्याच बॉसवर माझ्या कास्टची संख्या वाढली आहे. पार्स अजून हिरवाच आहे, निळ्याच्या जवळ आलाय. डेथ्सचा टॅबही बघितला: बहुतेक मृत्यू एका फटक्यातले, पण दोन ठिकाणी आयर्नबार्क माझ्याकडे शिल्लक होतं. त्या दोन्ही वेळा फेज बदलत होती आणि मी धावत होते. आता त्या जागी आधीच सरकून उभी राहायचं ठरवलं आहे.

ऑफिसरला जुना आणि नवा असे दोन्ही लॉग पाठवले, खाली कास्टचे आकडे लिहिले, आणि कूलडाउनची वाटणी ठरवून द्या अशी विनंती केली. ट्रँक्विलिटीचं ओव्हरहील अजून फार आहे, ते त्या वाटणीशिवाय कमी होणार नाही असं मलाही वाटतं. त्याचं उत्तर आलं की इथे लिहीन. तोवर कोणाकडे तीन हीलरची कूलडाउन वाटणी तयार असेल, ड्रुइड, होली प्रीस्ट आणि शमन अशी, तर कृपया टाका.