मुलीला सगळं समजतं पण बोलता येत नाही, चित्रांचा बोर्ड सुरू करावा का?

भांडुपची आई:
नमस्कार, माझ्या मुलीला सीपी (सेरेब्रल पाल्सी) आहे, वय ८. अ‍ॅथेटॉइड सांगितलंय, म्हणजे हात आणि मान सारखे हलतात, चमचा घ्यायला गेली की हात भलतीकडेच जातो. समजतं सगळं, सिरीयलमध्ये कोण कोणावर का चिडलंय तेपण कळतं, पण शब्द फुटत नाहीत, जे काही आवाज काढते ते मला आणि सासूबाईंनाच कळतात. थेरपिस्ट म्हणतात बोर्ड सुरू करा, म्हणजे चित्रावर बोट ठेवून ती काय हवं ते सांगेल. सासूबाई म्हणतात चित्रं हातात दिली की पोरगी बोलायचा कंटाळा करेल, आणि तीच भीती मलाही वाटते. शिवाय बोटच नीट लागत नाही तर बोर्डाचा उपयोग काय? चित्रांच्या अ‍ॅपसाठी टॅब घ्यायचा तर महाग पडेल असं वाटतं. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

स्पीच थेरपिस्ट, दादर:
ताई, ही भीती बऱ्याच घरात असते. पण आत्तापर्यंतच्या अभ्यासात बोर्ड किंवा अ‍ॅपमुळे मुलांचं बोलणं कमी झालेलं दिसत नाही, काहींचं तर थोडं वाढलंय. यात कंटाळ्याचा प्रश्नच नाही, जीभ, ओठ, श्वास यांच्या स्नायूंवर मेंदूचा ताबा नीट राहत नाही म्हणून शब्द अडतात. बोट लागत नसेल तर डोळे वापरा. जाड पारदर्शक प्लास्टिक शीट घ्या, मधे मोठं भोक, चार कोपऱ्यांना चार चित्रं, तुम्ही समोर बसून ती कुठे बघते ते पलीकडून बघायचं. त्याआधी हो-नाही पक्कं करा, वर बघितलं की हो, बाजूला बघितलं की नाही, किंवा तिला जे सोपं जाईल ते, पण घरात सगळ्यांनी तेच धरायचं. आणि बसायचं बघा, पाय लोंबकळत असतील तर तिची सगळी ताकद तोल सांभाळण्यातच जाते, पायाखाली पाट द्या.

परळचा बाबा:
टॅबची घाई करू नका. आयआयटी बॉम्बेच्या डिझाईन स्कूलमध्ये तयार झालेलं जेलो नावाचं, चित्र दाबलं की बोलणारं अ‍ॅप फुकट आहे, मराठीतपण आहे, घरातल्या जुन्या फोनवर आधी करून बघा. आमचा मुलगा तेच वापरतो, तरी बॅगेत लॅमिनेट केलेला कागदी बोर्ड असतोच, कारण उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि चार्जिंग नेमकं लोकलमध्ये संपतं. चित्रं नुसती पाणी, शू, भूक एवढीच ठेवू नका हो, 'नको', 'अजून', 'थांब', 'मला राग आलाय' हेपण पाहिजे. आमच्याकडे 'दादा खोटं बोलतो' असं एक चित्र आहे आणि सगळ्यात जास्त तेच वापरलं जातं! बांद्रा रेक्लमेशनला अडॅप्ट या संस्थेत जाऊन या, अशा मुलांसाठी १९७२ साली डॉ. मिठू अलूर यांनी सुरू केलेली, आधीचं नाव स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया. यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) नसेल तर काढून घ्या, आणि केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा बघा, १ लाखापर्यंत आहे, त्यात थेरपीपण धरतात.

गिरगावकर:
मला स्वतःला सीपी आहे, हे मी एका बोटाने टाईप करतोय, वेळ लागतो. ताई, एक विनंती, तिला थांबून ऐका. लोक माझं वाक्य मधेच पुरं करून टाकतात, निम्म्या वेळा ते चुकीचं असतं, आणि मग ते दुरुस्त करायला दुप्पट दमछाक होते. आई सोबत असली की दुकानदार तिलाच विचारतो 'याला काय पाहिजे', तेव्हा आई म्हणते 'त्यालाच विचारा', तुम्हीपण तसंच म्हणा. बोर्ड नसेल तेव्हा तुम्ही एकेक बोलत जा, खायचंय? दुखतंय? कंटाळा आलाय? ती हो म्हणेपर्यंत थांबा, आणि शेवटी 'यातलं काहीच नाही' हे विचाराच, ते नसलं की माणूस कशालातरी हो म्हणून टाकतो. आणि तिची परीक्षा घेत बसू नका, गाय दाखव, पंखा दाखव, असं. आधी तुम्ही स्वतः बोर्डवर बोट ठेवून बोला, ती बघून शिकेल.

भांडुपची आई:
खूप आभार सगळ्यांचे. चारच चित्रं का पण? शाळेतल्या बाई वीस लावतात.

स्पीच थेरपिस्ट, दादर:
चित्रं जवळजवळ आली की नजर नक्की कुठे आहे ते समोरच्याला ओळखता येत नाही, म्हणून. चार जमली की आठ करा, मग विषयाप्रमाणे वेगवेगळ्या शीट, जेवणाची एक, शाळेची एक, भांडणाची एक.