तातडीनं मदत हवी: ताप उतरला तरी सहा आठवडे गोळ्या कशाला?

करवीरची_लेक: आण्णांचा ताप उतरलाय, डॉक्टर म्हणतात गोळ्या सहा आठवडे घ्यायच्याच. त्यांनी कालपासून बंद केल्यात. कसं समजावू? लवकर सांगा.

गंगावेसकर: कसला ताप ताई? रिपोर्ट काय आलाय?

करवीरची_लेक: टायफॉइड नाही. रोज संध्याकाळी चढायचा, रात्री घामानं अंथरूण भिजायचं, कंबर धरलेली. रक्तात ब्रुसेला नावाचा जंतू निघाला.

लाल_माती: डॉक्टर बदला. गुळवेलीचा काढा द्या, आमच्या काकांना गुण आला.

शिरोळचा_म्हशीवाला: काढा राहू दे भावा. ताई, घरची म्हैस गाभडली होती का?

करवीरची_लेक: हो, दीड महिन्यापूर्वी. वार अडकली होती, आण्णांनी उघड्या हातानं काढली. बोटाला विळ्याची जखम होती.

शिरोळचा_म्हशीवाला: मग म्हशीकडनं त्या जखमेतनंच जंतू आत शिरला.

सूक्ष्मदर्शक: लॅबमध्ये काम करते म्हणून सांगते. पांढरी पेशी जंतूला गिळते, पिशवीत कोंडते आणि तिच्यात पाचक रस सोडून मारते. ब्रुसेला ती पिशवीच भलतीकडं वळवतो. पेशीत प्रथिनं तयार होतात त्या जाळीपर्यंत पोचतो आणि तिथं वाढत राहतो. मारायला आलेल्या पेशीतच त्यानं घर केलेलं असतं. त्यामुळं पेशीच्या आत शिरणारी औषधं जोडीनं आणि बरेच दिवस लागतात. बहुधा डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन असतील. मधेच सोडलं तर लपून राहिलेले जंतू पुन्हा ताप आणतात.

करवीरची_लेक: त्याच दोन आहेत. लघवी केशरी झाली, आण्णांना वाटलं रक्त पडतंय. भ्यायले ते.

सूक्ष्मदर्शक: तो रिफॅम्पिसिनचा रंग. आजच डॉक्टरांना फोन करून गोळ्या सुरू करा.

लाल_माती: तालमीतली पोरं गंगावेशीत धारोष्ण दूध पितात, कुणाला काय झालंय?

सूक्ष्मदर्शक: माल्टा बेटावर 1887 मध्ये डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरला हा जंतू सापडला. पुढं तो शेळ्यांच्या दुधातनं येतो हे कळलं आणि तिथल्या सैनिकांचं कच्चं दूध बंद केल्यावर त्यांच्यातला ताप घटला. दूध उकळूनच प्या दादा, पैलवानांनी सुद्धा.

गंगावेसकर: म्हैस मुऱ्हा की पंढरपुरी? व्यायल्यावर खनिज मिश्रण द्या, दूध वाढतं.

शिरोळचा_म्हशीवाला: दुधाचं कुठं काढलंस! ताई, त्या म्हशीचं रक्त तपासून घ्या. गोठ्यात रेडी असेल तर चार ते आठ महिन्यांच्या वयात या आजाराची एकदाच लस असते. ती जनावरांच्या डॉक्टरांनाच टोचू दे. लसीतला जंतू जिवंत असतो, सुई आपल्याला लागली तर आपल्यालाही ताप येतो.

करवीरची_लेक: रेडी पाच महिन्यांची आहे, उद्याच डॉक्टरांना बोलावते. आण्णांना फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. दुपारची गोळी घेतली त्यांनी.