एक एफ की दोन? दिसायला सारखे, अर्थाने वेगळे इंग्रजी शब्द : तुमचे अनुभव लिहा

ओसरी_इंदूर
काल जेल रोडवर एका कापडाच्या दुकानाचा फ्लेक्स दिसला. '५०% ऑफ', आणि ऑफला एकच एफ. स्कूटर बाजूला घेऊन मी बघतच उभी राहिले.

माझे बाबा पेंटर होते. राजवाड्याच्या आसपासचे कितीतरी बोर्ड त्यांच्या हातचे. शिक्षण आठवीपर्यंत, मराठीतून. एका दिवाळीला त्यांनी सेलचं लाल कापडी बॅनर रंगवलं, त्यात हाच शब्द, हीच चूक. मालकाने गिऱ्हाइकांसमोर नको ते सुनावलं आणि पैसे अडवले. बाबा बॅनर घेऊन घरी आले. मी दोरीचं एक टोक धरून बसले. खडूच्या भुकटीत घोळवलेली दोरी ताणायची आणि मधे चिमटीत उचलून सोडायची, की सरळ रेघ उमटते. कडेला जेमतेम चार बोटं जागा उरली होती. तेवढ्यात त्यांनी दुसरा एफ असा बसवला की आधी नव्हता हे कुणाला सांगून पटलं नसतं.

रात्री मापांच्या डायरीत लिहिलं, 'एक एफ म्हणजे चा, ची, चे. दोन एफ म्हणजे सूट, बंद.' ती डायरी माझ्याकडे आहे. आपण दोन्हीला ऑफच म्हणतो, मग कानाला फरक कळणार कसा? एक एफवाल्याचा उच्चार 'ऑव्ह' हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं.

तुमच्याही आठवणी असतील. लिहा.

सुदामानगर_४०
लूज. एक ओ की दोन ओ. पहिल्या नोकरीत ग्राहकाला मेल गेली, आम्हाला तुम्हाला 'गमवायचं' नाही असं लिहायचं होतं, ओ दोन पडले आणि 'सैल सोडायचं' झालं. साहेबांनी प्रिंट काढून बोर्डावर लावली. आठ दिवस होती. त्या बोर्डासमोरून डबा घेऊन जायचो तेव्हा मान वर होत नसे. आता माझ्या हाताखालच्या मुलांची चूक मी त्यांच्या टेबलाशी जाऊन हळूच सांगतो.
खूण: सैल कपड्यात जागा जास्त, म्हणून ओ पण जास्त.

पोहे_जिलेबी
ताई, दोरीचं वाचून डोळे भरले.

लष्कर_ग्वाल्हेर
सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं, म्हणून सांगते. एक एफ आणि दोन एफ हे मुळात एकच शब्द. जोर देऊन उच्चारला की तो दोन एफवाला व्हायचा. लिहिताना दोन्ही पुरते वेगळे व्हायला सतरावं शतक उजाडलं. तुलनेतला 'दॅन' आणि 'मग' या अर्थाचा 'देन', तेही एकाच शब्दाचे दोन फाटे. 'टू'ला दुसरा ओ लागतो तो 'सुद्धा' किंवा 'जास्तच' म्हणायचं असेल तेव्हा, आणि तिथेही मूळ एकच. खुद्द इंग्रजांची हीच गल्लत शेकडो वर्षं होत होती. तुमच्या बाबांना कुणी ऐकवायला नको होतं.

ओसरी_इंदूर
बाई, हे वीस वर्षांपूर्वी कळतं तर मी त्यांना वाचून दाखवलं असतं.

हळदीकुंकू
कुकर लावलाय, पटकन लिहिते. डेझर्ट. नणंदेच्या लग्नाच्या मेनूकार्डात गोडाच्या जागी वाळवंट छापलं होतं. एस एकच. रसमलाई, मूगडाळ हलवा, आणि वर 'वाळवंट'. सासरेबुवांनी रात्री बसून दोनशे कार्डांवर पेनाने दुसरा एस घातला. गोड आपण दोनदा मागतो म्हणून एस दोन.

लष्कर_ग्वाल्हेर
छान खूण. दोन एसवाला फ्रेंचमधून आला, मूळ अर्थ जेवणानंतर ताटं उचलणं.

हळदीकुंकू
अय्या, मग तो आमच्याकडे माझाच शब्द 😄

रात्रपाळी
नर्सिंगला होते तेव्हा इलियम. मधलं अक्षर ई असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, आय असेल तर कमरेचं हाड. बोलताना दोन्ही अगदी सारखे. तोंडी परीक्षेत सर म्हणाले इलियम दाखवा, मी पोटाकडे बोट केलं, त्यांना हाड हवं होतं. तेव्हापासून विचारून घेते, आतडं की हाड. आणि ते 'ओडी'. बहुतेक चिठ्ठ्यांवर दिवसातून एकदा, डोळ्यांच्या चिठ्ठीवर उजवा डोळा. म्हाताऱ्या माणसांना मी शेजारी मराठीत लिहून देते. तुम्हीही घरी लिहून ठेवा, खरंच.

खजुरी_बाजार
आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान. बोर्डावर 'स्टेशनरी'त ईच्या जागी ए होता, म्हणजे 'जागचा न हलणारा'. एका कॉलेजच्या मुलीने दाखवलं, आजोबांनी तिला पेन दिलं आणि बोर्ड बदलला. पुढे वाचनात आलं की दोन्हीचं मूळ एक. फेरीवाल्यासारखा न फिरता एका जागी दुकान मांडून बसणारा, तो स्टेशनर. आजोबा त्याच ओट्यावर पन्नास वर्षं बसले, म्हणून मला तो ए चुकीचा वाटेना. ओसरीताई, तो आजोबांचा जुना बोर्ड हाताने रंगवलेला आहे. निळ्यावर पिवळी अक्षरं, खाली लाल सावली. तुमच्या बाबांचा असेल का?

मांडवी_बडोदा
इंग्रजी राहू द्या, लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा शेजारीण म्हणाली, आपके बेटे की शिक्षा कहाँ चल रही है. मी घाबरले, याने काय केलं!

पोहे_जिलेबी
आणि 'चेष्टा'! हिंदीत प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. पण आपल्यातही आहेच की, पाणि म्हणजे हात, पाणी म्हणजे पाणी. दिन आणि दीन. शाळेत ऱ्हस्व-दीर्घासाठी छड्या खाल्ल्यात.

सुदामानगर_४०
भिया, विषयांतर, पण चांगलं जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) कुठे मिळेल? बहिणीला पुण्याला पाठवायचंय.

हळदीकुंकू
घरीच करा, कृती व्यनि (खाजगी निरोप) करते. कुकर झाला.

ओसरी_इंदूर
खजुरी_बाजार, लाल सावली डावीकडे पडते का? बाकी पेंटर उजवीकडे देत, बाबा डावखुरे होते. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात, कडेच्या पट्टीखाली, त्यांची एक बारीक टिकली असायची.

खजुरी_बाजार
सावली डावीकडेच आहे. बोर्ड माळ्यावर आहे, पट्टी खिळ्यांनी ठोकलेली. रविवारी उतरवतो. तुम्ही डायरी घेऊन या.