कॉलेजची बास्केटबॉल संपली, आता वस्तीत केंद्र काढायचंय. आधी काय करावं? (सांगली)

प्रश्न : कुपवाडकर

आमच्या भागातली एक मुलगी कॉलेजच्या संघातून शिवाजी विद्यापीठाच्या स्पर्धा खेळली. पदवी झाली, आता तिला कुपवाडच्या कामगार वस्तीतल्या मुलींसाठी फुकट बास्केटबॉल केंद्र काढायचंय. महापालिकेची एक मोकळी जागा पडून आहे, जमीन काळी. मुली येतील, त्याची काळजी नाही. पण वस्तीतली मंडळी आत्ताच "पुढच्या निवडणुकीला उभी राहा" म्हणून मागे लागलीत. मैदान, संस्था, निवडणूक यांचा क्रम कसा लावावा? खेळातून सार्वजनिक कामात गेलेल्यांनी हे कसं जमवलं, तेही जाणकारांनी सांगावं.

उत्तर : मुरूम-खडी

पूर्ण कोर्टाच्या मागे लागू नका. २८ × १५ मीटरचं कोर्ट आणि चारी बाजूंनी २ मीटर मोकळं धरलं, तर ३२ × १९ मीटर जागा लागते. तीन-तीनच्या खेळाचं कोर्ट १५ × ११ मीटरमध्ये बसतं, एकच खांब लागतो आणि सुरुवातीला तेवढं पुरतं.

काळ्या मातीवर थेट काँक्रीट टाकलं की उन्हाळ्यात माती आकसते, पावसात फुगते आणि दोन वर्षांत चिरा पडतात. निदान दीड-दोन फूट माती काढा, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात टाका, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा. वर ४ इंच एम-२० प्रतीचं काँक्रीट, ३-४ मीटरवर सांधे, आणि काँक्रीटवर पाणी मारणं किमान ७ दिवस, उन्हाळ्यात १४. रंगाचा अ‍ॅक्रिलिक थर द्यायचा असेल तर २८ दिवस थांबा. घाई केली की आतली ओल वर येते आणि पापुद्रे सुटतात. उतार एका बाजूच्या रेषेकडून दुसऱ्या बाजूच्या रेषेकडे, १०० ला १. मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतार केला तर चेंडू घरंगळत राहतो.

रिंग उत्तर किंवा दक्षिण टोकाला घ्या, नाहीतर सकाळ-संध्याकाळ ऊन थेट डोळ्यांवर येतं. रिंगची उंची ३.०५ मीटर, पण बारा वर्षांखालच्या मुलींना ती २.६० हवी. तेवढ्या उंचीवर टाकताना त्यांचा हात बरोबर वळतो. उंच रिंगवर त्या चेंडू खांद्यावरून ढकलायला शिकतात आणि ती सवय पुढे मोडत नाही. म्हणून बोर्डाच्या चौकटीसाठी खांबावर ४५ सेंमी अंतराने भोकांच्या दोन जोड्या आधीच पाडून घ्या. मागाहून मैदानात वेल्डिंग करत बसणं परवडत नाही.

खांब अंतिम रेषेच्या (रिंगमागच्या रेषेच्या) बाहेर निदान २ मीटर हवा. बोर्ड मात्र रेषेच्या आत १.२० मीटर येतो, म्हणजे आडवा हात तीन मीटरच्या पुढे जातो. फॅब्रिकेटरला हे सांगितलं नाही तर तो हात आखूड करून खांब रेषेला चिकटवतो आणि लेअपच्या (धावत येऊन रिंगजवळून चेंडू टाकण्याच्या) वेगात मुलगी खांबावर आपटते. खांबाला २.१५ मीटर उंचीपर्यंत फोमची गादी बांधा. पाया काळी माती ओलांडून खालच्या मुरमात उतरवा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात खांब कलतो. साधा प्लायवूड बोर्डाला नको, कडेने पाणी पिऊन फुगतो.

उत्तर : धर्मादाय खिडकी

जागेवर कुदळ पडण्याआधी कागद. महापालिकेच्या जागेसाठी तोंडी "चालतंय की" काही कामाचं नाही. ठराव आणि लेखी करार हवा, आणि त्यात वेळ, मुदत, वीजबिल, देखभाल कोणाची हे सगळं यावं. त्याशिवाय रोवलेला खांब अतिक्रमण ठरतो. तोवर चाकांचा स्टँड चालेल, पण बुडाला वजन भरपूर ठेवा. पोरं रिंगला लोंबकळली की असे स्टँड उलटतात.

संस्थेला किमान ७ सभासद लागतात. महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० अशा दोन्ही नोंदण्या कराव्या लागतात, काम धर्मादाय कार्यालयातच होतं. सातही जण एकाच घरातले किंवा एकाच पक्षाचे घेऊ नका. पुढे कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद, धर्मादाय कार्यालयात द्यायचा. बहुतेक संस्था इथेच अडकतात: कागदावर जुनीच माणसं राहतात, बँक सह्या बदलून देत नाही आणि खातं ठप्प होतं.

आणि कळकळीची विनंती, गणपती मंडळाच्या पावतीपुस्तकावर केंद्राची वर्गणी घेऊ नका. वेगळं खातं, दोघांच्या सह्या, दरवर्षी लेखापरीक्षण. संस्थेला आणि देणगीदाराला करसवलत देणारी आयकराची नोंदणी झाली की कुपवाड एमआयडीसीतल्या कारखानदारांकडे मागायला तोंड राहतं.

उत्तर : पाचवी खेळाडू

मैदानाइतकंच रोजचं चालवणं महत्त्वाचं आहे. २४ मुलींना ५ नंबरचे १२ चेंडू, म्हणजे दोघींत एक. त्याहून कमी असले तर अर्धा वेळ रांगेत जातो आणि मुली गळतात. मोठ्या मुलींना ६ नंबर. काँक्रीटवर रबरीच घ्या, चामड्याचे बघता बघता घासून जातात. हवा तपासायला चेंडू १.८० मीटरवरून सोडा, साधारण कंबरेइतका उसळला पाहिजे.

पहिले दोन आठवडे नेमबाजी कमी, थांबणं आणि उडी मारून उतरणं जास्त शिकवा. वाढत्या वयात मुलींचा गुडघा उतरतानाच दुखावतो. दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे वाकलेले, आत न झुकलेले. समोर उभं राहून पाहिलं की चूक लगेच दिसते.

मुली खेळ आवडत नाही म्हणून सुटत नाहीत, अंधार पडतो म्हणून सुटतात. संध्याकाळी ५ ला सुरू, साडेसहाला बंद, हिवाळ्यात त्याहून लवकर. जवळ स्वच्छतागृह नसेल तर ती जागाच घेऊ नका. पालकांची लेखी संमती घ्या, एक तरी मोठी बाई कायम हजर ठेवा, कोणाही मुलीला एकटीला थांबवून ठेवू नका. शाळेच्या क्रीडाशिक्षकांशी आधीच बोला, कारण शालेय स्पर्धांना (१४, १७, १९ वर्षांखालील) प्रवेशिका शाळेच्याच नावाने जाते.

उत्तर : कृष्णाकाठ

निवडणुकीबद्दल. अमेरिकेतले बास्केटबॉलपटू डेव्ह बिंग यांचं उदाहरण बघा. सिराक्यूज विद्यापीठाकडून खेळले, १९६६ मध्ये डेट्रॉइट पिस्टन्स या व्यावसायिक संघात गेले. खेळत असतानाच हंगाम नसला की बँकेत काम करायचे. खेळ सुटल्यावर दोन वर्षं एका पोलाद कंपनीत धंदा शिकले, १९८० मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि २००९ मध्ये डेट्रॉइटचे महापौर झाले. मधली तीस वर्षं माणसं, पगार, हिशेब सांभाळण्यात गेली. तरीही शहरावर आधीच्या दशकांचं कर्ज एवढं होतं की २०१३ मध्ये डेट्रॉइटने दिवाळखोरीचा अर्ज केला.

तिथलेच दुसरे बास्केटबॉलपटू बिल ब्रॅडली यांचं वेगळं. १९६५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातून बाहेर पडले, आधी ऑक्सफर्डला शिकायला गेले, मग १९६७ ते ७७ न्यूयॉर्क निक्स संघाकडून खेळले. १९७८ मध्ये अमेरिकी संसदेच्या सिनेट या सभागृहावर निवडून आले आणि १८ वर्षं राहिले. वरवर पाहता थेट उडी वाटते. पण खेळत असतानाच ते न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात शाळा सुटलेल्या मुलांच्या वस्तीशाळांत शिकवत होते, वॉशिंग्टनला गरिबी निर्मूलनाच्या सरकारी कार्यालयातही काम केलं होतं.

तेव्हा या मुलीने आधी केंद्राची दोन-तीन वर्षं पूर्ण करावीत, असं माझं स्पष्ट मत. उभं राहायचंच झालं तर वय २१ पूर्ण आणि महापालिकेच्या मतदारयादीत नाव हवं. महापालिकेशी झालेल्या कंत्राटात स्वतःचा वाटा किंवा हितसंबंध असला तर नगरसेवकपदाला अपात्रता येते, म्हणून मैदानाच्या देखभालीचं काम घेताना वकिलाला विचारा. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, तो चुकला तरी अपात्रता.

कुपवाडकर

सर्वांचे आभार. जागेची मोजणी आणि महापालिकेकडचा अर्ज आधी करतो. मुरूम-खडी दादा, खांबाच्या पायाचा खड्डा किती खोल धरायचा?

मुरूम-खडी

काळी माती संपली की त्याखाली निदान १ मीटर. खड्डा आधी खणून बघा, मग फॅब्रिकेटरला खांबाची लांबी सांगा. उलटं केलं तर रिंग खाली बसते.