प्रतिसाद: ‘बुचर कव्हर’ कसं ओळखायचं

वर कुणीतरी म्हटलंय की बीटल्सच्या ‘यस्टरडे अँड टुडे’ या अल्बमची वादग्रस्त ‘बुचर’ कव्हरं (खाटकाचे कोट घातलेले बीटल्स, मांसाचे तुकडे आणि तुटक्या बाहुल्या असलेला फोटो) कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीने सगळीच नष्ट केली. तसं नाही. जून १९६६ मध्ये माल परत मागवल्यावर बऱ्याच कव्हरांवर नवा फोटो (मोठ्या ट्रंकेभोवती बीटल्स) सरळ चिकटवला गेला. अशी प्रत ओळखायला कव्हर तिरप्या उजेडात धरा. ट्रंकेच्या उजवीकडे, पांढऱ्या भागात, रिंगोच्या काळ्या स्वेटरचा व्ही-गळा काळसर त्रिकोणासारखा झिरपलेला दिसतो. दिसला तर कृपया वाफ देऊन सोलू नका! ओलाव्याने खालच्या चित्राचा पृष्ठभाग वरच्या कागदाबरोबर उचकटतो, डिंकाचे डाग राहतात. न सोललेल्या प्रती दिवसेंदिवस कमी होताहेत, त्यातही स्टिरिओ मोनोपेक्षा दुर्मीळ.