मदत हवी आहे: पालकातली फोटोसिस्टिम-1 आणि प्लॅटिनमचे नॅनोकण, हायड्रोजन निघत नाही

नमस्कार मंडळी,

एमएस्सीचा प्रकल्प करतेय आणि तीन आठवडे एकाच जागी अडकले आहे. जैवरसायन किंवा नॅनोकणांवर काम केलेलं कुणी असेल तर कृपया वाचा.

अमेरिकेतल्या आर्गॉन (Argonne) राष्ट्रीय प्रयोगशाळेत लिसा उत्शिग यांच्या गटाने 2011 मध्ये दाखवलं, की फोटोसिस्टिम-1 ला, म्हणजे पानातल्या उजेडावर इलेक्ट्रॉन पुढे ढकलणाऱ्या प्रथिनसंचाला, प्लॅटिनमचे कण नुसत्या विद्युतभाराच्या ओढीने चिकटले तरी उजेडात हायड्रोजन निघतो. एरवी जिथे फेरेडॉक्सिन हे प्रथिन येऊन इलेक्ट्रॉन घेऊन जातं, ती बाजू धनभारित असते. ऋणभारित कण नेमके तिथे बसतात. झाडाने साखरेसाठी वापरला असता तो इलेक्ट्रॉन वाटेतच धातूला मिळतो! हे वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. त्याआधी 1985 मध्ये ग्रीनबॉम यांनी पालकाच्या हरितलवकांवरच प्लॅटिनम बसवलं होतं, म्हणून मीही पालक घेतला.

पाला थंड बफरमध्ये मिक्सरला फिरवला, मलमलीतून गाळला, थायलाकॉइड (हरितलवकातले पडदे) खाली बसवले, ट्रायटन एक्स-100 या डिटर्जंटने विरघळवून सुक्रोजच्या थरांवर चढवले. पट्टा सुरेख गडद हिरवा आला. प्लॅटिनमचे कण सायट्रेटच्या आवरणाचे, कोऱ्या चहाच्या रंगाचे. पण दोन्ही एकत्र केलं की दहा मिनिटांत ट्यूबच्या तळाशी काळपट साका बसतो. इलेक्ट्रॉन पुरवायला एस्कॉर्बेट घालून दोन तास दिव्याखाली ठेवलं, तर जीसीवर (वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) हायड्रोजन जेमतेम दिसतो, आणि अंधारातल्या ट्यूबमध्येही तेवढाच. बफरमध्ये 5 मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड आहे. उरलेलं प्लॅटिनम अजून तीन-चार वेळाच पुरेल, त्यामुळे चाचपडत बसता येणार नाही. साका कशाने बसतो? आणि इलेक्ट्रॉन जातोय कुठे?

प्रतिसाद 1

आधी मॅग्नेशियम काढा. सायट्रेटचे कण ऋणभारामुळेच एकमेकांपासून लांब राहतात. मॅग्नेशियम तो भार झाकतं आणि कण गोळा होतात. प्रथिनाला चिकटणंही त्याच भारावर चालतं, म्हणून एकूणच क्षार कमी ठेवा.

एकटं एस्कॉर्बेट पी-700 ला (फोटोसिस्टिम-1 मधल्या, उजेडात इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या हरितद्रव्याला) इलेक्ट्रॉन फार सावकाश देतं. मध्ये इलेक्ट्रॉन पोचवणारं प्रथिन, प्लास्टोसायनिन किंवा सायटोक्रोम सी6, हवं. ते नसेल तर त्याच कामाला डीसीपीआयपी हा रंग चालवून बघा.

ऑक्सिजन घालवायला आर्गॉन वायू किती वेळ सोडला? ऑक्सिजन शिल्लक असेल तर इलेक्ट्रॉन तोच पळवतो. डिटर्जंटमुळे फेस येतो, तेव्हा वायू द्रावणात न बुडवता वरून सोडा, ढवळत राहा, पण भरपूर वेळ.

प्लॅटिनम खर्चण्याआधी प्रथिन काम करतंय का ते तपासा: मेथिल व्हायोलोजेन इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देतं, म्हणून ते घालून उजेडात ऑक्सिजन इलेक्ट्रोडचं रीडिंग उतरलं पाहिजे. मेथिल व्हायोलोजेन विषारी आहे, हातमोजे घालाच. रिकाम्या बाटलीचं जीसी रीडिंगही घ्या, अंधारातला हायड्रोजन कदाचित तिथेच सापडेल.

धागाकर्ती

मनापासून आभार! आर्गॉन पाचच मिनिटं सोडला होता. आज मॅग्नेशियमशिवाय अगदी थोडं मिसळून पाहिलं, अर्ध्या तासानंतरही द्रावण स्वच्छ हिरवट तपकिरी आहे. आता एकच: न चिकटलेले मोकळे कण वेगळे कसे काढता? परत सुक्रोजवर चढवू, की गाळणीच्या ट्यूबमध्ये फिरवू?